पोलिस ठाण्याचे फुटेज तेविसाव्या दिवशी कुठे जाते?

पैनगंगेच्या तेलंगणाकडच्या अंगाला आदिलाबाद जिल्ह्यातले बेला हे मंडळाचे गाव आहे. सरकारी कारभार तेलुगूत चालतो, पण घरात आणि बाजारात मराठी सर्रास ऐकू येते. कॅमेरे या राज्याला नवे नाहीत. शंभर किंवा अधिक माणसे जमणाऱ्या आस्थापनांनी सीसीटीव्ही बसवावेत, 30 दिवसांचे चित्रण जपावे आणि मागताच ते पोलिसांना द्यावे, असा कायदा येथे 2013 पासून आहे. नागरिकांचे चित्रण पोलिसांपर्यंत जाण्याची वाट अशी सरळ आहे. मात्र आपल्या माणसाला ठाण्यात मारहाण झाल्याचा संशय असेल, तर तिथले चित्रण आपल्याला मिळते का?

कायद्याचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. वडाळा रेल्वे पोलिस ठाण्याशी संबंधित कोठडीमृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच महाराष्ट्रातील प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण किमान वर्षभर ठेवण्याचा आदेश दिला. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतले कॅमेरे देशभर बंधनकारक केले. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू अशी सगळी जागा कॅमेऱ्याखाली हवी. अंधारात दिसले पाहिजे, आवाजही नोंदला गेला पाहिजे आणि साठवण 18 महिन्यांची असावी. तशी यंत्रणा मिळतच नसेल तरी एक वर्षाखाली जाता येत नाही. मानवी हक्कांचा भंग झाल्यास चित्रण सुरक्षित ठेवून घेण्याचा पीडिताला हक्क आहे, हे दर्शनी फलकावर स्थानिक भाषेतही लिहिलेले असावे, असे निकाल सांगतो.

अडचण सुरू होते ती चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या पेटीत. कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र ठेवायचे आणि मधल्या काळात फक्त काय बदलले तेवढेच नोंदवायचे, ही एच.264 किंवा एच.265 या पद्धतींची युक्ती. रात्रीचा रिकामा व्हरांडा म्हणून थोडक्यात मावतो, गर्दीचा दिवस जास्त जागा खातो. सरासरी सेकंदाला 2 मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याला दिवसाला 21.6 गिगाबाइट लागतात. आठ कॅमेरे आणि 4 टेराबाइटची डिस्क असेल, तर ती तेविसाव्या दिवशी भरते. मग यंत्र कोणालाही न विचारता सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहू लागते. याच आठ कॅमेऱ्यांचे 18 महिने साठवायला सुमारे 95 टेराबाइट हवेत. म्हणजे आदेश पाळायचा तर साठवणुकीवर खर्च करावाच लागतो. नुसते कॅमेरे टांगून भागत नाही.

आता याच्याशेजारी माहिती अधिकार ठेवून पाहा. उत्तराची मुदत 30 दिवस. जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास, पण तेवढी तातडी मान्य व्हायला हवी. साध्या अर्जाला तिसाव्या दिवशी ‘चित्रण उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर त्यात कोणी खोटे बोललेले असेलच असे नाही. डिस्कने ते आठवड्यापूर्वीच संपवलेले असते. खरा दोष अर्ज हाती पडल्यावरही ते चित्रण वेगळे न काढणाऱ्याचा आहे.

पुसलेले परत मिळते का, असे लोक विचारतात. फाइल नुसती काढून टाकली असेल तर बहुतेक वेळा तिची नोंद तेवढी जाते. मूळ माहिती डिस्कवर राहते आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा ती वर काढू शकते. त्याच जागी नवे लिहिले गेले की मात्र काही उरत नाही. त्यामुळे डीव्हीआर चालू ठेवलेला प्रत्येक तास पुरावा खातो. घड्याळाचेही भान हवे. यंत्रातली छोटी बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यावर तारीख-वेळ बिघडू शकते आणि रात्री दहाची घटना चित्रणात भलत्याच वेळेला सापडते. प्रत घेताना यंत्राची वेळ आणि खरी वेळ दोन्ही लिहून घ्यावी, ती यासाठी.

प्रत हाती आली तरी ती न्यायालयात उभी राहिली पाहिजे. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला. चित्रण मिळाले, पण ती प्रत कशी काढली हे सांगणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले; अधिकारी देत नसेल तर ते न्यायालयामार्फत मागवता येते, हेही सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही लिहावे लागते. एसएचए-256 या गणिताने अख्ख्या फाइलची 64 अक्षरांची खूण निघते. चित्रणातला एक बिट बदलला तरी ती खूण पार वेगळी येते.

त्याच चित्रणात तक्रार द्यायला आलेली एखादी बाई किंवा लहान मूलही असते. त्यांची ओळख झाकलीच पाहिजे. पण ते नकाराचे कारण होऊ शकत नाही. उघड करता येईल तेवढा भाग वेगळा करून देण्याची तरतूद माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 मध्ये आहे, आणि चेहरे धूसर करणारी साधने आज सहज मिळतात.

म्हणून बेला असो की महाराष्ट्रातले कोरपना, प्रसंग आलाच तर प्रतीच्या मागे नंतर लागा. पहिल्याच दिवशी तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून ‘हे चित्रण जतन करावे’ असा अर्ज ठाण्यात द्या. त्याची प्रत पोलिस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि राज्य मानवी हक्क आयोगाला पाठवा. तेलंगणात अर्ज मराठीत लिहिला तर सोबत तेलुगू प्रत जोडा, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.