अजागलस्तन

वरच्या वर्गांतील निबंधांत ‘अजागलस्तन’ हा शब्द वारंवार डोकावतो. मात्र जें जें निरुपयोगी, त्या सर्वांस तो सरसकट लावलेला आम्हांस आढळतो. तेव्हां त्याचा नेमका अर्थ येथें पाहूं.

अजा म्हणजे शेळी, गल म्हणजे गळा. कित्येक शेळ्यांच्या गळ्याखालीं दोन मांसल लोलक लोंबत असतात. आकार आंचळाचा, पण आंत दुधाचा थेंब नाहीं. कातडें, रक्तवाहिन्या आणि मध्यें कूर्चेचा गाभा, एवढेंच. ते बोकडासही असतात! हें लक्षण आनुवंशिक आहे. शरीरास त्याचा कांहीं उपयोग असल्याचें शास्त्रज्ञांस आढळलेलें नाहीं.

मुळींच नसलेल्या वस्तूस पंडित शशशृंग किंवा खपुष्प म्हणतात. कोणी न ऐकलेला आक्रोश तें अरण्यरुदन. अजागलस्तन यांहून निराळा. तो आहे, दिसतो, हातीं लागतो. दुधाची आशा लावतो आणि देत कांहींच नाहीं. शेळीचें शेपूटही दूध देत नाहीं. पण त्यास कोणी दोष देत नाहीं, कारण त्यानें तसें भासविलेंच नव्हतें. मार्ककृत शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायांतील अंजिराचें झाड वाचकांस आठवेल. दुरून पालवी दिसली म्हणून प्रभु जवळ गेला, तों पानांवांचून कांहीं नाहीं. एका प्रसिद्ध सुभाषितांत चार पुरुषार्थांपैकीं एकही न साधणाऱ्याच्या जन्मास हीच उपमा दिली आहे. तेथेंही आकार माणसाचा आहे, हें विसरूं नये.

कित्येक पालक चित्रकला व काव्य यांस अजागलस्तन ठरवितात. पण त्यांनीं भाकरीचें वचन कधीं दिलें होतें? उलट, न समजतां घोकलेलें भूमितीचें प्रमेय पाहा. उत्तरपत्रिकेंत तें विद्येसारखें शोभतें. आकृतींतील अक्षरें बदलतांच आटतें. येथें हा शब्द चपखल बसतो.

मराठींतील ‘अजागळ’ हा शब्द याच मुळापासून आलेला मानतात. बोलण्यांत मात्र त्याचा अर्थ गबाळा, अव्यवस्थित असा झाला. ज्याच्या सदऱ्यास गुंडी नाहीं अशा मुलास हा शब्द ऐकावा लागतो. आणि तो बापडा तर आहे तसाच दिसत असतो! हा अर्थ आतां भाषेंत रुजला आहे, तो उपटून निघणार नाहीं. आमच्या वर्गांत मात्र आम्ही तो कोणास उच्चारूं देत नाहीं.