खोक्यावर ‘२००० वॅट’ लिहिलंय? स्पीकर घेण्याआधी हे वाचा

उमरगा तालुक्यातल्या मुरुमहून शिकायला लातूर-सोलापूरला गेलं, की वाट्याला अनेकदा दहा बाय दहाची खोली येते. तिथं मोठे स्पीकर लागतच नाहीत. मग काय पाहायचं?

वॅट: ‘पीएमपीओ’ हा क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा. त्याचं ठरलेलं माप नाही. ‘आरएमएस’ पाहा, तो सतत मिळणारी ताकद सांगतो. लहान खोलीला २० ते ४० वॅट आरएमएस भरपूर.

प्रकार: ‘ॲक्टिव्ह’ जोडीत ॲम्प्लिफायर आतच असतो. मोबाइल किंवा लॅपटॉप थेट जोडा. ‘पॅसिव्ह’ला तो वेगळा घ्यावा लागतो, म्हणजे खर्च वाढला.

जागा: कोपऱ्यात ठेवले तर बास घुमतो आणि लेक्चरमधले शब्द नीट कळत नाहीत. भिंतीपासून वीतभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवा. उंचीसाठी खाली जुनी पुस्तकंही चालतात.

शेजारी: निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्या वेळी हेडफोनच बरा.

दुकानात आपलं ओळखीचं गाणं लावून ऐका, पक्कं बिल घ्या. घरून आलेले पैसे आकड्यावर नाही, आवाजावर खर्च करा.