क्रेफिश पाळा, पण ओढ्यात सोडू नका

निळा नाहीतर लालभडक, नांग्या उगारून काचेपाशी उभा राहिलेला क्रेफिश दिसला की मुलं अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून हलत नाहीत. तो घरी आणायला हरकत नाही. पण त्याच्याबद्दल सर्रास सांगितलं जाणारं बरंच चुकीचं आहे, आणि त्यातला एक गैरसमज तर आपल्या नद्यांना महागात पडेल असा आहे.

‘हा आपल्याच नदीतला झिंगा’ किंवा ‘हा समुद्रातला लॉबस्टर’, असं दोन्ही ऐकायला मिळतं. भारतात क्रेफिशची एकही मूळ जात नाही. कृष्णा-कोयनेत कोळंबी आहे, सह्याद्रीच्या ओढ्यांत खेकडे आहेत, क्रेफिश नाही. विकायला येतो तो बहुधा अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या दलदलीतला लाल क्रेफिश किंवा उत्तर ऑस्ट्रेलियातला रेडक्लॉ. दोघेही गोड्या पाण्यातले, त्यामुळे लॉबस्टर समजून टाकीत समुद्री मीठ घालू नका.

काचेच्या वाडग्यात तो जगतो, हेही खरं नाही. त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तोच त्याला मारतो. एका क्रेफिशला किमान दोन फुटी टाकी, फिल्टर, लपायला पाइपचा तुकडा आणि घट्ट झाकण हवं. हवेच्या नळीवरून चढून तो सहज बाहेर पडतो. आरओचं पाणी मात्र देऊ नका. कवचासाठी त्याला कॅल्शियम लागतं, ते आरओत निघून जातं. माण, खटाव, जतकडचं बोअरचं जड पाणी फार खारं नसेल, तर त्याला उलट मानवतं. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच वापरा.

बरेच जण घाबरतात ते कात टाकल्यावर. टाकीत कवच पडलेलं दिसतं आणि क्रेफिश मेला असं वाटतं. खरं तर तो कोपऱ्यात लपलेला असतो, अंगाने मऊ. कात टाकण्याआधी तो जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम पोटात दोन खड्यांच्या रूपात साठवतो. उरलेलं तो टाकलेलं कवच खाऊन मिळवतो. म्हणून ते कवच बाहेर काढू नका आणि काही दिवस त्याला हात लावू नका. माशांवरचं तांबं असलेलं औषधही टाकीत घालू नका. त्याच्या रक्तातच तांबं असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विषासारखं आहे.

गप्पी, गोल्डफिशबरोबर तो गुण्यागोविंदाने राहील ही आशाही सोडा. रात्री तो झोपलेला मासा पकडतो.

आता सगळ्यात गंभीर गैरसमज: ‘पाळायचा कंटाळा आला, की कृष्णेत सोडला तर पुण्यच.’ ज्याला आपण जीवदान समजतो, ते नदीवर संकट ठरू शकतं. लाल क्रेफिश 1927 साली जपानमध्ये आणला गेला, तो बैलबेडकांचं खाद्य म्हणून; 1973 साली स्पेनमध्ये शेतीसाठी नेला. दोन्हीकडे तो शेतांत, कालव्यांत पसरला. तो बिळं करतो, आणि त्याने बांध, भराव पोखरले जातात. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कृष्णा कालव्याच्या किंवा आपल्या शेततळ्यांच्या मातीच्या भरावांत अशी बिळं पडायला नकोत. अमेरिकी क्रेफिशबरोबर एक बुरशीसदृश रोगही येतो. 1859 पासून त्याने युरोपातल्या मूळ क्रेफिशचा संहार केला. गोड्या पाण्यातल्या काही खेकड्यांनाही त्याची लागण होते. सह्याद्रीतल्या अनेक खेकड्यांच्या जाती एखाद-दुसऱ्या डोंगररांगेपुरत्याच आहेत. त्या गेल्या की गेल्याच.

‘एकट्या क्रेफिशने काय होणार?’ हेही चालत नाही. मादीच्या पोटाखाली आधीच शेकडो अंडी असू शकतात. मार्बल्ड क्रेफिश नावाच्या जातीत तर सगळ्या माद्याच असतात, आणि नराशिवाय त्यांना पिल्लं होतात. 1990च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत ती पहिल्यांदा लक्षात आली, आज ती मादागास्करच्या भातशेतीत पसरली आहे. परका जीव नदीत शिरला की तो काढता येत नाही, हे आपण चिलापी आणि आफ्रिकी मांगुराच्या बाबतीत पाहिलंच आहे. मांगुरावर 2000 साली बंदी आली, तरी तो अजून हटलेला नाही. 2022च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार आणि बाळगणं रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे.

सांगलीकरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरात घराघरांत पाणी शिरलं. अशा वस्तीत क्रेफिश अंगणातल्या हौदात ठेवणं म्हणजे तो आज ना उद्या नदीला देणं. टाकी वरच्या मजल्यावर ठेवा. नको झाला तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला. मेला तर मातीत पुरा. टाकीचं पाणी कुंड्यांना घाला, ओढ्यात ओतू नका.