दहाचा गठ्ठा कधी सोडायचा?

फळ्यावर ३४ − १८ हे गणित लिहिलं, की दुसरी-तिसरीच्या वर्गात एक उत्तर हमखास मिळतं: २४. हे उत्तर देणारं मूल निष्काळजी नसतं. त्याने आठातून चार काढले, तिनातून एक काढला. मोठ्या संख्येतून लहान संख्या जाते, हे त्याला पहिलीत शिकवलेलं असतं. ते त्याने इमानाने पाळलं. उत्तर चुकलं, पण त्यामागे विचार आहे. तो विचार शिक्षकाला दिसतो का, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

रूढ पद्धत कशी चालते ते आधी पाहू. बाई फळ्यावर मांडणी करतात. ‘चारातून आठ जात नाहीत, म्हणून दशकाकडून एक उसना घ्यायचा. तिनाचे राहिले दोन, चाराचे झाले चौदा.’ मुलं वहीत उतरवून घेतात, मग तशीच दहा उदाहरणं सोडवतात. एक खडू आणि एक फळा एवढ्यावर चाळीस मुलांपर्यंत रीत पोहोचते, ही या पद्धतीची खरी ताकद आहे. पण एक प्रश्न तसाच राहतो. एकच उसना घेतला, तर चाराचे पाच व्हायला हवेत. चौदा कसे झाले? ज्या मुलाला हे कळलेलं नसतं, ते रीत पाठ करतं आणि महिनाभराने विसरतं.

आता हेच गणित काड्यांनी करू. खराट्याच्या काड्या आणि रबरबँड एवढं पुरतं.

पहिली पायरी गठ्ठे बांधण्याची. मुलांपुढे काड्यांचा ढीग ठेवायचा आणि मोजायला सांगायचं. दहा झाल्या, की रबर लावायचं. गठ्ठे बाईंनी आयते बांधून देऊ नयेत. स्वतः बांधलेल्या गठ्ठ्यात दहा काड्या आहेत, हे मुलाला पुन्हा मोजून पाहावं लागत नाही.

दुसरी पायरी मांडण्याची. चौतीस म्हणजे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. ‘यातल्या अठरा काड्या मला दे.’ मूल एक गठ्ठा उचलून देतं. मग सुट्या काड्यांकडे बघतं. आठ हव्यात, चारच आहेत. हात थांबतो. इथे बाईंनीही थांबायचं, काही सुचवायचं नाही. थोड्या वेळाने मुलाचा हात उरलेल्या गठ्ठ्यांकडे जातो आणि एकाचं रबर निघतं. आता सुट्या काड्या चौदा झाल्या. त्यातल्या आठ दिल्या, सहा उरल्या, शिवाय एक गठ्ठा. सोळा. उसना घेतलेला ‘एक’ म्हणजे दहा कसे, हे सांगावं लागलं नाही. ते त्याच्या हाताखालीच घडलं.

चौथी पायरी चित्राची. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी टिंब. एक रेघ खोडायची आणि तिच्या जागी दहा टिंबं काढायची. अंकांची उभी मांडणी त्यानंतर येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात शिकण्याचे हेच तीन टप्पे मांडले: कृती, चित्र, चिन्ह. रूढ वर्ग बहुधा थेट चिन्हापासून सुरू होतो.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनी शिकण्याची साधनं केलं. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आल्यावर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत जमिनीवर आखलेले तक्ते, खडे, काड्या दिसू लागल्या.

मराठी मुलाची आणखी एक अडचण भाषेतली आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा. म्हणून कितीतरी मुलं त्रेसष्टचे ३६ लिहितात. त्यात २९ ला ‘एकोणतीस’, म्हणजे तिसाला एक कमी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं वाचन आलं, तेव्हा वाद विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा मुलांच्या सोयीचा होता. कानडीत आणि तेलुगूत दशक आधीच उच्चारला जातो. काड्या इथेही उपयोगी पडतात. सहा गठ्ठे आणि तीन काड्या समोर ठेवून ‘साठ आणि तीन, त्रेसष्ट’ म्हटलं, की दोन्ही नावं एकाच वस्तूला चिकटतात.

एक धोका मात्र ओळखायला हवा. बाई जर ‘आता गठ्ठा सोड, आता आठ काढ’ असं सांगत गेल्या, तर वर्गात काड्या आल्या, पद्धत जुनीच राहिली. मुलाने फक्त हुकूम पाळला. नवी पद्धत साहित्यात नसते. ती त्या थांबलेल्या हातापाशी धीर धरण्यात असते, कारण मूल कुठे अडलं ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आणि पाठांतराला नावं ठेवायचं कारण नाही. चौदातून आठ गेले की सहा, हे तोंडी यायलाच हवं, पाढेही हवेत. नाहीतर मोठं गणित करताना मूल बोटांवरच अडकून पडेल. फक्त क्रम बदलायचा. आधी हात, मग चित्र, मग अंक, आणि कळलेलं पक्कं करायला घोकणं.

कळलं की नाही, ते तपासायला ४०२ − १३५ द्यावं आणि काड्या बाजूला ठेवाव्यात. दशकाच्या घरात शून्य आहे, तिथे उसनं मागायला कुणी नाही. रीत पाठ केलेलं मूल इथे गडबडतं. गठ्ठे बांधलेलं मूल क्षणभर थांबतं आणि म्हणतं, ‘आधी शंभराचा गठ्ठा सोडायचा, मग त्यातला दहाचा एक.’ वहीत ते २६७ लिहितं. समोर एकही काडी नसते.