ज्येष्ठांची उदासी म्हणजे म्हातारपण नव्हे
घरच्या घरी संवाद-उपचार : कुटुंबीयांसाठी माहिती

आजोबा ओट्यावर येऊन बसणे सोडतात, आजी बोलेनाशी होते. आणि 'आता वय झाले' असे म्हणून आपण तो विषय संपवतो. परंतु सतत उदास राहणे हा वार्धक्याचा अटळ भाग नाही. ते नैराश्य किंवा चिंताविकार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

लक्षणे कशी ओळखावीत?
ज्येष्ठ व्यक्ती 'मी उदास आहे' असे सहसा सांगत नाहीत. अंग दुखते, छातीत धडधडते, जेवण जात नाही, पहाटेच जाग येते, अशा त्यांच्या तक्रारी असतात. 'माझा तुम्हाला भार झाला' हे वाक्य वारंवार कानी येते. अशी लक्षणे दोन आठवडे टिकल्यास तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय किंवा चालू औषधे यांमुळेही असा त्रास होऊ शकतो.

संवाद-उपचार म्हणजे काय?
हा उपदेश नव्हे, आणि नुसत्या गप्पाही नव्हेत. उदास माणूस आवडती कामे सोडतो. कामांबरोबर माणसांची सोबतही सुटते आणि उदासी वाढते. प्रशिक्षित समुपदेशक हे चक्र हळूहळू उलटे फिरवण्यास मदत करतात. शेतावरची फेरी, भजन, शेजारणीसह धान्य निवडणे, यांपैकी जे सुटले असेल त्यातील एखादी लहानशी कृती पुढील आठवड्यासाठी ठरवली जाते. दवाखान्यात जाण्यास सोबत नसेल, तर कोण व कोणत्या दिवशी येईल, हेही ठरते. साधारणतः आठवड्यातून एक, अशा सहा ते आठ भेटी होतात. गुडघेदुखी, बसभाडे किंवा 'लोक काय म्हणतील' ही भीती यांमुळे ज्यांना दवाखाना गाठता येत नाही, त्यांच्यासाठी घरची भेट विशेष उपयुक्त ठरते.

गोव्यात ६० वर्षांवरील, सौम्य लक्षणे असलेल्या १८१ व्यक्तींचा अभ्यास झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, स्थानिक प्रशिक्षित समुपदेशकांची मदत मिळालेल्या ९१ जणांपैकी ४ जणांना वर्षभरात नैराश्य आले. नेहमीची काळजी मिळालेल्या ९० जणांत ही संख्या १३ होती.

कुटुंबाने काय करावे?
• भेटीच्या वेळी ज्येष्ठांना एकांत द्यावा. मुलगा-सून शेजारी असता मनातले ओठांवर येत नाही.
• त्यांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. समुपदेशकाला काय सांगितले, याची नंतर चौकशी करू नये.
• ठरलेल्या कृतीत सोबत करावी. सक्ती करू नये.
• 'मन घट्ट करा' असे सांगण्याऐवजी शांतपणे ऐकून घ्यावे.
• डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करू नयेत. त्रास तीव्र असल्यास संवादासोबत औषधांचीही गरज भासते.

मदत कोठे मिळेल?
जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा आशा ताईंकडे चौकशी करावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशकांशी मराठीतूनही बोलता येते. ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र उपलब्ध आहे.

तातडीची सूचना
'जगून काय करायचे' असे उद्गार कधीही दुर्लक्षू नयेत. अशा वेळी ज्येष्ठांना एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधांचा साठा कुलपात ठेवावा आणि त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. जिवाला धोका असल्यास ११२ क्रमांकावर संपर्क साधावा.

आज त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसा. 'झोप कशी लागते?' एवढेच विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.