चौतीस चौरस डेसिमीटर म्हणजे किती?

हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रातली विमाने विंचच्या दोराने वर चढताना पाहत मी लहानाचा मोठा झालो. त्यातूनच बाल्सा लाकडाची मॉडेल करायचा नाद लागला. शिकवणारे कोणी नव्हते. नियमही स्वतःच वाचत गेलो.

दोराने वर नेऊन सोडायच्या ग्लायडरचा वर्ग म्हणजे एफ१ए. जागतिक हवाई क्रीडा महासंघाचा, म्हणजे एफएआयचा, नियम वरवर सोपा दिसतो : पंख व आडवी शेपटी मिळून क्षेत्रफळ ३२ ते ३४ चौरस डेसिमीटर, वजन किमान ४१० ग्रॅम. वजन तेवढेच ठेवून क्षेत्रफळ वाढवले की दर चौरस डेसिमीटरवरचा भार घटतो, ३२ला १२.८ ग्रॅम, ३४ला जेमतेम १२. भार कमी तर मॉडेल सावकाश उतरते. म्हणून सगळे ३४च्या काठावर जाऊन बसतात, आणि भांडणेही तिथेच होतात.

एका स्थानिक स्पर्धेत ओळखीच्या मुलीचे मॉडेल बाद झाले. परीक्षकांनी प्रत्येक भाग पट्टीने सपाट मोजला : ३४.६. चार महिन्यांची मेहनत खोक्यात परत गेली.

पण नियमातले क्षेत्रफळ सपाट मापाचे नाही, आडव्या प्रतलावरच्या लंब प्रक्षेपाचे आहे. शून्य सावलीच्या दिवशी भर माध्यान्ही मॉडेल समतल धरले, तर जमिनीवर पंखांची जेवढी सावली पडेल तेवढे. तिच्या पंखांची दोन्ही टोके २५ अंशांनी वर वळलेली, प्रत्येकी ५०० चौरस सेंटिमीटरची. सावली मात्र ४५३चीच. दोन्हींचे मिळून ०.९४ वजा, उरले ३३.६६.

मी खुशीत हा हिशेब तिच्यापुढे ठेवला. तिनेच विचारले, "काका, बॉडीच्या आतला भाग धरलात का?"

नव्हता धरला. पंखांच्या कडा मध्यरेषेपर्यंत वाढवून बॉडीतला तुकडाही मोजावा लागतो. बॉडी २ सेंटिमीटर, पंखाची रुंदी १५, म्हणजे ०.३०. एकूण ३३.९६. मॉडेल नियमात बसत होते, फक्त चार चौरस सेंटिमीटरने! एवढ्या काठावर राहू नये, असे माझे मत. पॉलिशपेपर जरा कमी फिरला तरी तेवढी चूक होते.

निकाल बदलला नाही. नव्या मॉडेलच्या आराखड्यावर तिने प्रत्येक भागाचे सपाट माप आणि प्रक्षेप शेजारी शेजारी लिहिले आहेत. बेरीज ३३.८. तो कागद आता मॉडेलच्या खोक्यातच असतो.