कुपीवरची चिठ्ठी आणि पेशीचे मूळ

कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या पेशी शरीराबाहेर, पोषक द्रवात पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवता आल्या की त्या संततीला पेशीवंश म्हणतात. प्रयोगशाळांत मात्र सर्रास ‘सेल लाइन’ हाच शब्द चालतो. नव्या औषधाची पहिली परीक्षा बहुधा अशाच पेशींवर होत असल्यामुळे, त्या कोणाच्या आणि कोणत्या अवयवातल्या आहेत हे पक्के ठाऊक असणे ही संशोधनाची किमान अट ठरते. ती अनेक दशके गृहीत धरली गेली, तपासली गेली नाही.

मानवी पेशींचा पहिला चिरंजीव वंश 1951 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या हेन्रिएटा लॅक्स या 30 वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीचा तुकडा, तिला न विचारताच, संशोधनासाठी घेण्यात आला होता. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या पेशींना ‘हेला’ हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी ती निवर्तली. याच गाय यांच्याकडे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले, आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, जी देशातील पहिली मानली जाते. पुढे पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र स्थापन झाले, आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारे भांडार तेथे आले.

पेशींची अदलाबदल कशी होते, हे रोजच्या कामाकडे पाहिले की उमगते. चपट्या पारदर्शक बाटलीत गुलाबी पोषक द्रव असतो. पेशी वाढून द्रव पिवळसर पडला की ट्रिप्सिन या विकराने त्या तळापासून सुट्या करून नव्या बाटल्यांत वाटतात आणि उरलेल्या द्रवनायट्रोजनमध्ये गोठवतात. एकच पिपेट दोन बाटल्यांत गेली, किंवा द्रवाची एकच बाटली दोन वंशांना वापरली, तर एका थेंबातून काही पेशी पलीकडे जातात. आणि हेलाची संख्या साधारण एका दिवसात दुप्पट होत असल्याने, मूळच्या संथ पेशी काही आठवड्यांत मागे पडून नाहीशा होतात. कुपीवरची चिठ्ठी मात्र जुनीच राहते.

हे प्रथम ठोसपणे दाखवले ते स्टॅन्ली गार्टलर यांनी, 1966 साली. जी-6-पीडी या विकराचे एक रूप मुख्यत्वे आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळते. वेगवेगळ्या व्यक्तींचे व वेगवेगळ्या अवयवांचे म्हणून प्रसिद्ध असलेल्या 18 पेशीवंशांत नेमके तेच रूप सापडले. यकृताच्या म्हणून वापरल्या गेलेल्या ‘चँग लिव्हर’ आणि आतड्याच्या मानल्या गेलेल्या ‘इंटेस्टाइन 407’ या वस्तुतः हेलाच होत. तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून ओळखली जाणारी ‘केबी’ही हेलाच निघाली, आणि ज्या देशात तंबाखूमुळे हा कर्करोग इतका पसरला आहे, तेथे ही चूक विशेष महाग पडणारी आहे. सत्य कळल्यावरही या नावांनी निबंध छापले जात राहिले, ही गोष्ट अज्ञानापेक्षा आळसाचीच अधिक वाटते.

आता ओळख पटवण्यासाठी एसटीआर चाचणी वापरतात. डीएनएच्या काही ठिकाणी लहानसा अक्षरक्रम पुन्हा पुन्हा येतो, त्याची आवर्तने व्यक्तीगणिक वेगळी असतात, आणि अशी किमान आठ ठिकाणे मोजली की व्यक्तीची जवळजवळ निश्चित खूण मिळते. न्यायालयात पितृत्व ठरवताना चालते ती हीच पद्धत. कर्कपेशींची गुणसूत्रे वाढीत बदलत जात असल्याने येथे पूर्ण जुळणीचा आग्रह धरता येत नाही; 80 टक्के किंवा अधिक जुळले तर दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे मानतात.

हेलाला आणखी एक अंगभूत खूण आहे, आणि तिचा संबंध थेट धाराशिव जिल्ह्याशी येतो. या पेशींच्या डीएनएमध्ये एचपीव्ही-18 या विषाणूचे तुकडे कायमचे रुतलेले आहेत. एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा संबंध उलगडल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळाले. अशाच विषाणूंचा डीएनए शोधणारी चाचणी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात 1999 पासून गावोगावच्या स्त्रियांवर पारखली गेली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने झालेल्या या अभ्यासात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया होत्या. एकदाच एचपीव्ही तपासणी योजलेल्या गटात या कर्करोगाने 34, तर तपासणी न दिलेल्या गटात 64 मृत्यू झाल्याचे 2009 साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गट आकाराने जवळपास सारखे होते. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे आक्षेप घेतले गेले, आणि लॅक्स यांचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला ते सहज झटकता येत नाहीत.

एसटीआर चाचणी व्यक्ती सांगते, अवयव नव्हे. ‘एमडीए-एमबी-435’ हा वंश स्तनाच्या कर्करोगाचा म्हणून वर्षानुवर्षे वापरला गेला. तो प्रत्यक्षात ‘एम-14’ या त्वचेच्या मेलानोमा कर्करोगाच्या वंशाशी जुळतो, हे दुसरा नमुना हाताशी होता म्हणूनच कळले. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील संशोधकांनी 1990 साली तोंडाच्या गाठींपासून चार नवे पेशीवंश तयार केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा एसटीआर चाचणी रूढ झालेली नव्हती. आज असा वंश सुरू करणाऱ्याने त्याच रुग्णाचे थोडे रक्त, त्याच्या संमतीने, गाठीबरोबरच गोठवून ठेवावे अशी अपेक्षा असते. ते राहून गेले तर पुढे कितीही बारीक चाचणी केली, तरी ताडून पाहायला मूळ नमुनाच उरत नाही.